वरच्या खोलीतून आठ दरवाजे

आमच्या गोदामात एक खोली आहे आणि गेली बावीस वर्षं ती मला हवी आहे. हे मी फक्त नवऱ्याला सांगितलंय. तो म्हणाला, "अगं, खोलीचं काय घेऊन बसलीस? आपल्या घरात दोन आहेत." याच्यापुढे माणसाने काय बोलावं!

खोली काही मोठी नाही. लोखंडी जिन्याच्या सतरा पायऱ्या चढल्या की एक दार, आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पलीकडे भिंतभर काच. त्या काचेतून खालचा अख्खा डॉक दिसतो म्हणे. डॉक म्हणजे मालाचे ट्रक पाठ लावून उभे राहतात ती जागा. आठ दरवाजे, आठ ट्रक, एका नजरेत. मी 'म्हणे' म्हणतेय, कारण मी कधी बघितलंच नाही. वर जायचं ते सही घ्यायला. साहेब टेबलामागे, मी दारात. सही झाली की खाली. काचेपाशी जायला काही कारण नको का?

मी डॉकची इनचार्ज. गोदाम औषधांचं आहे: सलाईन, इंजेक्शनं, गोळ्या, बँडेज. इथून निघालेला ट्रक चार-पाच हॉस्पिटलांना माल उतरवत जातो. मी लागले तेव्हा डॉकवर बाई दिसायची ती फक्त झाडताना. पहिल्याच दिवशी एका ड्रायव्हरने मला विचारलं, "ओ बाई, चहा कुठे मिळेल?" मी म्हटलं, "तुमचा ट्रक दीड हात वाकडा लागलाय. तो सरळ लावा, मग चहाचं बघू." मुकाट्याने लावला. चहा मात्र मी अजूनपर्यंत कुणाला दिलेला नाही.

ट्रक भरायचा म्हणजे डोकं उलटं चालवावं लागतं. जे हॉस्पिटल सगळ्यात शेवटी येणार, त्याचा माल सगळ्यात आधी चढवायचा, पार आत, भिंतीला टेकवून. जे पहिलं येणार, त्याचा शेवटी, दाराशी. म्हणजे यादी खालून वर वाचायची. त्यात पुन्हा जड माल खाली, काचेचा मधे, कुठल्या हॉस्पिटलात उतरवायला दोनच माणसं असतात, कुठल्या रस्त्याला खड्डे आहेत, हे सगळं धरून. हे कुठे लिहिलेलं नाही. माझ्या डोक्यात आहे. "ताई नसल्या तर डॉक बसेल," असं सगळे म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरं वाटायचं.

मी एकदाच एकीला शिकवलं. ती टाचणी.

बारीक होती म्हणून टाचणी, आणि सारखी टोचायची म्हणूनही. "ताई, हे आधी का? ते वर का? असं केलं तर?" डोकं खायची नुसती. पण शिकवलेलं विसरायची नाही. दोन वर्षं आम्ही दोघी एका डब्यात जेवलो. तिच्या डब्यात कायम काहीतरी करपलेलं असायचं, आणि ती म्हणायची, "ताई, आज मुद्दाम करपवलंय, तुला आवडतं ना." मी हसले की डॉकवरचे सगळे वळून बघायचे, कारण मी हसत नाही असं त्यांचं पक्कं मत होतं.

मग एकदा गर्दीच्या दिवशी मी तिला म्हटलं, चार नंबरचा ट्रक तू भर. तिने भरला. घाईत यादी वरून खाली वाचली. पहिल्या हॉस्पिटलचं सलाईन जाऊन बसलं पार आत, भिंतीला. ड्रायव्हरने हॉस्पिटलच्या दारात अर्धा ट्रक रस्त्यावर उतरवला तेव्हा कुठे ते हाताला लागलं. पाच तास उशीर. नशीब, शेजारच्या हॉस्पिटलाने तेवढ्यापुरत्या बाटल्या दिल्या, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही.

साहेबांनी विचारलं, "कुणी भरला?"

मी म्हटलं, "मी."

दार बंद करून सील मी लावलं होतं. न बघता लावलं होतं. आणि ती चोवीस वर्षांची होती. दोन आठवड्यांत टाचणीची बदली झाली, बंदराजवळच्या डेपोत. कुणी म्हणालं बढती मिळाली. ती निघाली तेव्हा मी सहा नंबरला होते. ती येऊन उभी राहिली, मी म्हटलं, "जा गं, उशीर होईल." एवढंच.

त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर मी कुणाला शिकवलं नाही. शिकवायचं, जीव लावायचा आणि मग ती निघून जाणार. नको गं बाई. वरच्या खोलीसाठी मी तीनदा अर्ज केला आणि तीनदा मला डावललं. का, ते मला ठाऊक होतं. त्या ट्रकचा डाग माझ्या कागदावर लागलाय. मी भोगतेय आणि ती तिकडे एकेक पायरी चढतेय. तरीही एखादा ट्रक झकास भरला, बोट शिरायला जागा उरली नाही, की पहिलं मनात यायचं: टाचणीने हा बघायला हवा होता. राग राग करायची आणि मनातल्या मनात तिच्याशीच बोलत बसायची, हा कुठला न्याय?

यंदा साहेब निवृत्त झाले. खोली रिकामी झाली. आणि पत्र आलं की नवा प्रमुख निवडायला विभागाच्या मुख्य मॅडम स्वतः येणार आहेत. खाली सही होती. सहीत तोच लांब शेपटीचा फराटा, माझ्या याद्यांवर टाचणी मारायची तसा.

आदल्या संध्याकाळी मी साडीला इस्त्री करत होते. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून बसला होता, तिथूनच म्हणाला, "उद्या त्या पोरीवर ओरडू नकोस हं."

"पोरगी? ती माझी साहेब आहे."

"म्हणून तर सांगतोय."

"तिने एक फोन केला नाही मला अकरा वर्षांत."

त्याने भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं आणि परत लावलं. "तुला फोन करणं म्हणजे..." असं काहीतरी पुटपुटला. मी इस्त्री दाणकन आपटली. मग आम्ही जेवलो. झोपताना तो म्हणाला, "ती खोली तुलाच मिळायला हवी. खरं सांगतोय." तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी कूस बदलली.

सकाळी अकराची वेळ होती. आम्ही दोघं उमेदवार. दुसरा प्लॅनिंगवाला, कॉम्प्युटरवर गाड्यांचं वेळापत्रक लावणारा, पस्तिशीचा, गोड बोलणारा. तो आधी वर गेला आणि अर्ध्या तासाने हसत खाली आला. "ताई, जा. मॅडम फार साध्या आहेत." म्हटलं, मला सांगतोय!

चार नंबरला ट्रक लागला होता, पाच हॉस्पिटलांचा. फोर्कलिफ्टवर शिंगवाली बसली होती. फोर्कलिफ्ट म्हणजे ती माल उचलणारी पुढे दोन शिंगं असलेली गाडी, आणि ही चालवते म्हणून शिंगवाली. तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई. दोन वर्षांत तिने मला तीनदा विचारलं होतं, "ताई, यादी कशी लावतात ते शिकवा ना." मी तिन्ही वेळा म्हटलं होतं, "आधी गाडी सरळ चालव." वास्तविक तिच्याइतकी सरळ गाडी इथे कुणी चालवत नाही.

"मी येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि सतरा पायऱ्या चढले.

टाचणी टेबलामागे नव्हती. खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडे बसली होती. चष्मा लागलाय, कानाजवळ केस पांढरे झालेत, आणि टाचणी कसली, चांगली भरलीय. 

"बसा ताई," ती म्हणाली.

"बसते मॅडम," मी म्हटलं.

तिचा चेहरा जरासा उतरला. बरं वाटलं मला, आणि लगेच वाईटही वाटलं. तिने कामाचे प्रश्न विचारले. गर्दीच्या दिवसांत काय कराल, ट्रक बंद पडला तर काय, थंड मालाचं काय. मी धडाधड उत्तरं दिली. या प्रश्नांची उत्तरं झोपेतही देईन मी. प्रश्न संपले, आणि मला राहवलं नाही.

"ते अकरा वर्षांपूर्वीचं विचारायचं असेल तर विचारून टाका. कागदावर असेलच."

"काय असेल?"

"चार नंबरचा ट्रक. मी भरला होता असं."

 मग तिने फाईल उघडली, मागची पानं काढली आणि एक पिवळा पडलेला कागद माझ्यापुढे सरकवला. अक्षर तिचं. 'सदर ट्रक मी भरला. यादी मी वरून खाली वाचली. इनचार्ज ताईंचा यात दोष नाही.' खाली लांब शेपटीची सही. तारीख त्याच आठवड्यातली.

"म्हणून तर मला बंदराला पाठवलं," ती म्हणाली. "बढती कसली! तिथे पहिलं वर्षभर मी रिकाम्या खोक्यांच्या शेडमध्ये होते. ताई, तुला माहीत नव्हतं?"

मी मान हलवली. अकरा वर्षं मी जो डाग छातीशी धरून बसले होते, तो नव्हताच. माणसाने आता कुणावर रागवावं?

"मग एक फोन करायचास ना गं!" माझा आवाज चढलाच. नवऱ्याने बजावलं होतं, तरी चढला.

"चार वेळा केला. चारही वेळा तू म्हणालीस, कामात आहे, नंतर करते."

ते मात्र मला आठवलं. नंतर करायचा म्हणून मी शेवटी हातावर पेनाने लिहूनही ठेवलं होतं एकदा. हात धुतले.

"मग मला तीनदा का डावललं?" मी विचारलं. "तेवढं तरी सांग."

तिने तिन्ही वेळचे कागद एकाखाली एक मांडले. तीन वेगळी माणसं, तीन वेगळ्या सह्या. वाक्य एकच. 'काम उत्कृष्ट. परंतु यांना डॉकवरून हलवता येणार नाही.'

"आणि हा चौथा," ती म्हणाली, आणि आजचा कागद पुढे ठेवला. शाई ताजी होती. तिच्या अक्षरात तेच वाक्य होतं. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते लपवले नाहीत. "सकाळी लिहिलंय. लिहून झाल्यावर कळलं की मी पण तेच लिहिलं. फाडणार होते. पण ताई, मला एक सांग, तू वर आलीस तर खाली कोण?"

मी तोंड उघडलं. डॉकवर चौदा माणसं आहेत. प्रत्येकाला किती मुलं, कुणाची पाठ दुखते, कुणाला उन्हाचा त्रास होतो, सगळं मला माहीत आहे. पण नाव एकही आलं नाही.

"खुर्ची फिरव," ती म्हणाली. "बघ तरी. कधीपासून बघायचं होतं ना तुला? डबा खाताना सारखी वर बघायचीस."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी उठले, काचेपाशी गेले आणि खाली बघितलं.

आठही दरवाजे दिसत होते. खरंच, एका नजरेत. मला वाटलं होतं त्याहून सुंदर दिसत होते, शटरांवरचे आकडे, फरशीवरचे पिवळे पट्टे, बाहेरचं ऊन. आणि सगळं बंद पडलं होतं. चार नंबरचा ट्रक मी सोडला तसाच रिकामा. पाच आणि सात नंबरला नवे ट्रक लागलेले, त्यांचे ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून उभे. माझी माणसं खोक्यांवर बसलेली. शिंगवाली गाडीवर बसून होती, हातात यादी, आणि ती जिन्याकडे बघत होती. एकटी तीच नाही. सगळेच बघत होते.

मी फक्त पस्तीस मिनिटं वर होते. बावीस वर्षं ज्या खोलीसाठी झुरले तिथून पहिल्यांदा माझा डॉक बघितला, आणि तो माझी वाट बघत बसला होता. याचाच मला अभिमान होता! मला काचेवर डोकं टेकवावंसं वाटलं, आणि मी टेकवलं.

टाचणी शेजारी येऊन उभी राहिली. "खुर्ची एक वर्षासाठी प्लॅनिंगवाल्याला देतेय. पुढच्या वर्षी नवं गोदाम उघडेल, तो तिकडे जाईल. तोवर मला एक नाव दे, ताई. नाव दिलंस तर ही खोली तुझी. नाही दिलंस तर मला पुन्हा हेच लिहावं लागेल, आणि ते माझ्याच्याने होणार नाही."

"एक वर्ष," मी म्हटलं. "तुला बरं आहे बोलायला. माझी गुडघेदुखी तोवर थांबणार आहे का?"

"जिन्याला कठडा आहे."

"आणि शिकवलं की तीही जाणार."

"जाईल ना. मी गेले तशी." मग नाक ओढून म्हणाली, "आणि येईल परत, तुझ्या डोक्यावर बसायला."

मला हसू आलं. रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की माणूस फार वेडं दिसतं, म्हणून मी काचेकडेच तोंड ठेवलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. हात पूर्वीसारखाच काटकुळा होता. तेवढाच काय तो राहिला होता टाचणीचा. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस, जेवायला थांब, काहीतरी करपवून आण. पण तिची गाडी साडेबाराची होती आणि मला ते माहीत होतं.

"पोचलीस की फोन कर," मी म्हटलं.

"उचलशील?"

"उचलेन."

मी खाली आले. मागोमाग टाचणी उतरली, प्लॅनिंगवाल्याला खोलीचं सांगून बाहेर गेली, आणि तो वर चढला. सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं आता आरडाओरडा होणार, आणि तशी माझी इच्छाही होती. मी सरळ शिंगवालीपाशी गेले. तिने यादी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही.

"भर," मी म्हटलं.

"मी?"

"नाही, मागची भिंत. तूच!"

"पण ताई, आधी काय चढवू?"

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पाचव्या हॉस्पिटलचं बँडेज, डाव्या बाजूला रचून ठेवलंय. एक वाक्य. बावीस वर्षं हे वाक्य मीच बोलत आले होते.

"शेवटी कुठे जायचंय?" मी विचारलं. "तिथून विचार कर. अडलीस तर मी आहे. भरून झालं की सील लावायच्या आधी मी आत जाऊन बघणार, एकेक खोकं बघणार. पण तोवर सांगणार नाही."

तिथेच उभी राहिले असते तर बोलले असते, म्हणून मी जिन्याकडे गेले. तिसऱ्या पायरीवर उभी राहिले, तोंड वर, पाठ डॉककडे. कठडा घट्ट धरला. मागे फोर्कलिफ्ट सुरू झाली. डॉक मला आवाजावरून कळतो. गाडी उजवीकडे गेली. उजवीकडे सलाईन होतं, पहिल्या हॉस्पिटलचं. तिने ते उचललं. शिंगं वर आल्याचा आवाज आला, गाडी ट्रककडे वळली. अगं बाई गं! माझी मान वळायला लागली. मी दात आवळले. त्या ट्रकसारखाच होणार का हा पण?

गाडी थांबली.

 कागद उलटल्याचा आवाज आला. मग गाडी मागे आली, सलाईन परत जमिनीवर टेकलं, आणि गाडी डावीकडे गेली.

माझा जीव भांड्यात पडला. आणि त्याच क्षणी इतकं एकटं वाटलं, काय सांगू. टाचणी असती तर तिच्या पाठीत धपाटा घातला असता आनंदाने. बाहेर तिची गाडी निघाल्याचा आवाज आला. आज मी 'उशीर होईल' म्हटलं नव्हतं, तेवढं मी धरून ठेवलं.

फोन वाजला. प्लॅनिंगवाला होता, वरच्या खोलीतून. काचेपाशीच उभा असणार. पहिलाच दिवस, आणि लगेच काचेपाशी.

"ताई, तुम्ही जिन्यात उभ्या आहात ना? मग चार नंबर कोण भरतंय?"

"ती भरतेय," मी म्हटलं. "काही विचारायचं असेल तर तिला विचार."

फोन ठेवला. समोर चौदा पायऱ्या उरल्या होत्या. त्या बघत मी तशीच उभी राहिले, मागे ट्रक भरत होता.